उजवा हात डाव्या तळव्यात

माझे ढोल दोन. एक नर, एक मादी.
आजोबांच्या ढोलांना हत्तीच्या कानाचं कातडं होतं,
माझ्या वाट्याला गाईचं आलंय. तरी बोलतं.
आमच्या भाषेत सूर चढला की एक अर्थ,
उतरला की दुसरा,
म्हणून लाकडालाही आमची नावं घेता येतात.

गेल्या साली कॅमेरा घेऊन एक परदेशी बाई आली.
तिनं विचारलं, या नाचाचा अर्थ काय?
मी म्हटलं, कुणाच्या हातांचा?
तिनं वहीत काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं, देव जाणे.

आज शनिवार.
भाड्याच्या निळ्या खुर्च्या, सगळ्यांच्या अंगावर काळं-लाल.
दोन महिने शवागारात ताटकळलेली म्हातारी आनोचिवा
सकाळी एकदाची मातीत गेली.
तिच्या दोन लेकी दोन मांडवांत,
दुफी या टोकाला, बिरागो त्या.
बारा एकर कोकोपायी नऊ वर्षं
एकमेकींशी चकार शब्द नाही.
पेटी उचलतानासुद्धा निरोप तिसऱ्याकरवी:
"तिला सांगा, जरा डावीकडे घे म्हणावं."

मग घंटा सुरू झाली.
घंटा आमची हेकट, एकच गोष्ट सांगत राहते,
बाकी सगळ्यांनी तिच्याभोवती आपापलं बोलायचं.
आदोवा म्हणतात या नाचाला.
रानात एक हरीण असतं वीतभर उंचीचं,
पाचोळा वाजू न देता पाय टाकणारं,
ही चाल त्याच्याकडून उसनी घेतलेली.
पण हरणाला हात नसतात.
हातांचं आमचं आम्ही शिकलो.

दुफी उठली. चप्पल काढली.
थोरामोठ्यांपुढे वाकून परवानगी मागितली,
मी ढोलावर म्हटलं, ये.
तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले:
माझं छप्पर गेलं.
मग छातीवर फुली:
थंडी वाजते, कवेत घेणारं कुणी उरलं नाही.
हे सगळेच करतात. मीही सवयीनं वाजवत होतो,
डोक्यात घरच्या गळक्या नळाचा विचार.

आणि ती वळली. सरपंचाकडे नाही,
माझ्याकडे नाही, त्या टोकाच्या मांडवाकडे.
उजवा हात उलटा करून डाव्या तळव्यात ठेवला,
अलगद, जसं कुणी अंडं ठेवावं.
म्हणजे: पदरात घे. चुकलं असेल माझं.

माझी एक थाप गेली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
घंटावाल्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मीच मेलो होतो.

बिरागो कुमासीत मोटारींचे सुटे भाग विकते.
तिला नाचता कुठे येतं?
ती उठली ती गुडघ्यावर हात टेकत,
मधलं अंगण ओलांडलं, पाय घंटेच्या मागे, कधी पुढे,
बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या.
रीत अशी की आवडलं तर नाचणारीच्या डोक्यावर
उजव्या हाताची दोन बोटं उंच धरायची.
बिरागोनं हात वर नेला,
बोटं दोनाची पाच झाली,
आणि पंजा बहिणीच्या केसांवर तसाच पडून राहिला.
असं काही आमच्या नाचात नाही.
म्हाताऱ्यांनी दंड मागायला हवा होता.
कुणी मागितला नाही.

मी काय वाजवावं?
आजोबांनी याचा बोल शिकवला नव्हता.
नुसतं म्हातारीचं नाव वाजवलं,
आनोचिवा, आनोचिवा,
पहिल्यांदा खालच्या ढोलावर, मग वरच्या.

संध्याकाळी खुर्च्या मोजताना तीन कमी निघाल्या,
त्यांचे पैसे कुणी द्यायचे यावरून
दोघी पुन्हा भांडल्या.
या खेपेला समोरासमोर.
सोमवारी कोर्टाची तारीख आहेच.
जातील दोघी.
एकाच गाडीनं गेल्या
तर मला कुणीतरी सांगा.